तिसरा महिना सरायच्या आत

३ फेब्रुवारी

नेयदी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मी कागद उचलला. माझ्या बहिणीची मिर्सा या पानांचे फोटो काढून तुला फोनवर पाठवणार आहे. तू वाचलंस की तिच्याकडे दोन निळ्या खुणा उमटतात म्हणे. तेव्हा नुसतं वाचून गप्प बसलीस, तर तेही मला कळणार आहे.

तिच्याकडूनच समजलं, की तुमच्या नव्या चर्चच्या मंडळीचा मेळावा इकडे प्लाया शहरात भरतोय आणि तू, अब्दिएल आणि बाळ असे तिघे मोन्तेरेहून येताय. तेवीस तारखेला, रविवारी, सकाळची प्रार्थना उरकून सगळ्यांना तुलुमची जुनी देवळं बघायला नेणार आहेत. तिथून आपलं घर किती जवळ आहे ते तुला मी सांगायला नको. पण कार्यक्रमात घर नाही, असं मिर्सा म्हणाली. बिचारीने मान अशी खाली घातली, की कार्यक्रम जसा काही तिनेच आखला होता.

मला एक कळत नाही. ज्या देवळांत आपल्या पणज्यांनी धूप जाळला, तिथे जायला तुमच्या धर्माची हरकत नाही. माझ्या स्वयंपाकघरात यायला आहे. देवळाचं छप्पर पडलं की त्यातलं पाप निघून जातं का? असो. चिडून लिहायचं नाही असं ठरवून बसले होते आणि पहिल्याच पानावर घसरले.

तुझे वडील गेले त्या वर्षी, मृतांच्या दिवसांत, त्यांच्यासाठी वाढलेल्या ताटापुढे जे झालं ते मी उगाळत बसणार नाही. तू मेणबत्ती लावायला नाही म्हणालीस. मी बोलले, तू बोललीस. तू जास्त बोललीस. तेही असो.

पत्राचं कारण नात आहे. तिचं नाव केरेन ठेवलंय हेही मला बाहेरूनच कळलं. मी अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, तर कोंबड्या गोळा झाल्या. होईल सवय. ती नोव्हेंबरच्या शेवटी झाली ना? म्हणजे या महिनाअखेरीस तिचा तिसरा महिना सरतो. मुलीचं हेत्स-मेक तिसऱ्या महिन्यात व्हावं लागतं, चुलीचे दगड तीन म्हणून. तुला हे ठाऊक आहे, पण अब्दिएल पडला उत्तरेचा. त्याला या पुढच्या ओळी वाचून दाखव.

जावईबापू, आमच्यात बाळाला कुणीही उठून कडेवर बसवत नाही. हेत्स-मेक होईपर्यंत त्याला आडवंच धरायचं, फार तर छातीशी. मग एक दिवस घरातलं मोठं माणूस त्याला पहिल्यांदा डाव्या कडेवर घेतं, टेबलाभोवती फेऱ्या मारतं, त्याच्या मुठीत पुस्तक देतं, सुईदोरा देतं. ओठाला अंडं लावतात, कारण आमच्या बोलीत अंडं आणि उघडणं हे शब्द सारखेच वाजतात. पोराचं डोकं उघडावं म्हणून. भाजलेल्या मक्याचं पीठ लावतात, कारण त्या पिठाचा शब्द आठवणीच्या शब्दाशी जुळतो. एवढंच. यात सैतान नेमका कुठे बसतो ते मला दाखवा, मी त्याला झाडूने काढते.

हे झालं नाही तर मुलाचे पाय वाकडे होतात, ते उशिरा चालतं, असं बायका म्हणतात. मला त्याची तेवढी भीती नाही. मूल कडेवर बसलं की ते आपल्यात बसलं, एवढं मला कळतं. नाहीतर कुणाचंतरी गोंडस बाळ बघून आलो, एवढंच होतं. मला ती माझ्या कडेवर घ्यायची आहे, नेयदी. दुसरं काही मागत नाही.

तुझी आई,
तोमासा


९ फेब्रुवारी

नेयदी,

निळ्या खुणा त्याच संध्याकाळी आल्या होत्या. उत्तराला मात्र तू चांगलीच वाट बघायला लावलीस. काल मी गिरणीवरून पीठ घेऊन येत होते, डोक्यावर बादली, आणि मिर्सा रस्त्यातच आडवी आली. तिथेच तिने तुझा निरोप वाचला.

"आई, देवळांपाशी भेटू. घरी यायला वेळ नाही. बाळाला बघ. पण हेत्स-मेक नाही, मेणबत्ती नाही, धूप नाही, मंत्र नाही. तसं वचन देणार असशील तरच ये."

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. पहिल्या खेपेला मला सगळं 'नाही, नाही'च ऐकू आलं होतं. दुसऱ्या खेपेला 'भेटू' ऐकू आलं.

"काय कळवू, मावशी?" मिर्सा म्हणाली.

"कळव, की विचार करतेय."

"अगं, ती ऑनलाइन आहे आत्ता! नंतर तिचं मन फिरलं तर? तू विचार करत बस बादली घेऊन."

"मग कळव, दिलं."

तर वचन दिलं आहे. मी शब्द दिला म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. लग्नात तुझ्या वडलांना म्हटलं होतं की तुमच्या आईशी भांडणार नाही, आणि ती बाई जाईपर्यंत मी भांडले नाही. ती मला पाण्यात पाहायची, माझ्या भाकऱ्या कुत्र्याला घालायची, आणि मी तोंडाला कुलूप लावून दुसऱ्या थापायची. तेव्हा तू निश्चिंत ये.

पण मला वाईट वाटलं हे लपवणार नाही. काल जेवण गेलं नाही. मिर्साला सांगितलं की पोट बिघडलंय, आणि तिने मला कसलासा कडू पाला उकळून पाजला. वचनही गळ्याखाली आणि पालाही.

एक विचारते. भेटल्यावर तिला हातात घेतलं तर चालेल ना? आडवी धरीन.

तोमासा


१७ फेब्रुवारी

नेयदी,

"घे ना, त्यात काय विचारायचं," असं तू कळवलंस. माझा जीव भांड्यात पडला. आता गावभर झालंय, की तोमासा तुलुमला चालली. शेजारच्या बोनिफासियाला तर तुझ्या अटीही पाठ आहेत. मिर्साच्या पोटात काही राहत नाही.

काल बोनिफासिया माझ्या झोपायच्या झोळीत येऊन आडवी झाली आणि मलाच शहाणपण शिकवायला लागली.

"कसलं वचन न कसलं काय! पोरगी जरा पाठमोरी झाली की घे कडेवर, अन् मार एक चक्कर. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"तू काय पोलीस लागून गेलीस?"

"बाळालाही कळेल."

"तीन महिन्यांच्या बाळाला? त्याला अजून स्वतःची मूठ कुणाची ते कळत नाही!"

दोघी हसलो. पण ती गेल्यावर माझ्या मनात ते घोळत राहिलं, हे तुला सांगते. एक चक्कर मारायला कितीसा वेळ लागतो? मग स्वतःवरच रागावले. चोरून कडेवर घ्यायचं, तर मग मी कुणाला आपल्यात बसवतेय? तुला बाहेर उभी करून तुझ्या मुलीला आत घ्यायचं हे मला जमणार नाही.

तुलुमला मी लहानपणी गेले होते, हे तुला कधी सांगितलं का आठवत नाही. तेव्हा दार नव्हतं, तिकीट नव्हतं. चुम्पोन गावचे पुरुष क्रूस कापडात गुंडाळून पुढे चालायचे, बायका मागून मक्याचं पेय घेऊन, चुना न घालता शिजवलेलं, देवाला देतात ते. आम्ही पोरं देवळं झाडायचो. माझ्या वाट्याला ते छोटं देऊळ यायचं, ज्याच्या दारावर देव उलटा आहे, डोकं खाली, पाय वर. बाबा म्हणायचे, तो वरून मध घेऊन उतरतोय. आई म्हणायची, कसला मध, तो जन्माला येतोय, सगळी पोरं अशीच डोक्यावर येतात, पुरुषांना काय माहीत. त्यावरून दोघं परतीच्या वाटेवर घरापर्यंत भांडायचे. मला ते भांडण फार आवडायचं. त्यांना एकमेकांशी बोलायला काहीतरी हवं असायचं.

तुला बोलायला काय आवडतं हे आता मला माहीत नाही. रविवारी काय बोलायचं याची मी मनाशी तयारी करते आणि झाडताना विसरते.

तोमासा


२४ फेब्रुवारी

नेयदी,

काल तू तिथे होतीसच, तरी सगळं लिहिते. दारातलं तुला ठाऊक नाही, आणि बाकीचं एकदा लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वडापच्या गाडीने सकाळीच पोचले. पांढरा इपिल घातला होता, गळ्याला मीच भरलेली निळी फुलं. रविवारी आपल्या लोकांना फुकट सोडतात, म्हणून ही गर्दी. रखवालदाराने मला रांगेतून बाजूला काढलं आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "आजी, विकणाऱ्यांना आत सोडत नाहीत."

"मी काय विकतेय? स्वतःला?" मी आपल्या बोलीत विचारलं.

माणूस चांगला पन्नाशीचा, पण कानापर्यंत लाल झाला. मग आपल्या बोलीतच बोलायला लागला. छातीवर आडनाव लावलेलं होतं, द्झुल, म्हणजे परका. आडनाव परकं आणि माणूस आपल्या मुलखातला. त्याने मला पिशवी उघडायला लावली. आत उकडलेलं अंडं, भाजलेल्या मक्याचं पीठ आणि मूठभर भोपळ्याच्या बिया. तो एकदा पिशवीकडे बघतो, एकदा माझ्याकडे.

"आजी, हेत्स-मेकला निघालात काय?"

"जेवायला निघालेय. म्हातारीने जेवू नये?"

"जेवा हो, पण आत खायचं नेता येत नाही. पिशवी राहू दे माझ्यापाशी, जाताना घेऊन जा."

नेयदी, अंड्याला तू बंदी घातली नव्हतीस. तेवढ्यावरच मी घरातून ते घेतलं होतं, हे आता कबूल करते. पण त्याने पिशवी ठेवून घेतली आणि मला हलकं वाटलं. हात रिकामे झाले, वचन पाळणं सोपं झालं.

तुम्ही आलात ते तटाच्या त्या अरुंद वाटेने, एकामागे एक, वाकून. मी तुला चालीवरून ओळखलं. बाळ तुझ्या छातीला पट्ट्यांनी बांधलेलं. अब्दिएल एवढा बुटका असेल असं फोटोत वाटलं नव्हतं. "देव आपलं भलं करो, डोन्या तोमासा," असं तो अदबीने म्हणाला, आणि मी त्याच्याबद्दल मनात जे काय साठवलं होतं त्यातलं निम्मं तिथेच सांडलं.

"वाळलीस आई," तू म्हणालीस.

"तू भरलीस," मी म्हटलं.

मग तू पट्टे सोडलेस आणि तिला माझ्या हातांत दिलंस. मी दोन्ही हातांवर आडवी घेतली. भुवया तुझ्या वडलांच्या आहेत. बाकी कुणाचंही असेना का.

मंडळी समुद्र बघायला कड्याकडे गेली, अब्दिएल सगळ्यांच्या पुढे. बाळाला ऊन नको म्हणून आपण दोघी भिंतीशेजारच्या झाडाखाली थांबलो. तिथे घोरपडीएवढे सरडे दगडांवर पसरले होते, त्यांनी आपल्याला थोडी जागा करून दिली. एक गाईड परदेशी लोकांचा घोळका घेऊन आपल्या पुढ्यातच उभा राहिला आणि घसा ताणून सांगायला लागला. तू मला उलगडून सांगितलंस, की तो म्हणतोय, इथली माणसं एकाएकी नाहीशी झाली, कुठे गेली ते आजही कुणाला ठाऊक नाही.

"ऐकलंस का गं, केरेन?" मी म्हटलं. "आपण हरवलोय."

तू तोंडावर हात दाबून हसलीस, शाळेत मास्तरांसमोर हसायचीस तशी. त्यांच्यातली एक बाई माझा फोटो काढायला पुढे आली, तिला तू काहीतरी म्हणालीस आणि ती माफी मागून गेली. काय सांगितलंस ते मी विचारलं.

"म्हटलं, ही माझी आई आहे."

मी केरेनच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

मग आपण कोंबड्यांबद्दल बोललो, बोनिफासियाच्या गुडघ्यांबद्दल बोललो. वडलांच्या थडग्यावर गवत वाढलंय का, असं तू विचारलंस, आणि मी म्हटलं, मी वाढू देत नाही. मेणबत्तीचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही. बाळ मात्र जड व्हायला लागलं. आडवं धरलेलं मूल किती जड होतं ते तुला ठाऊकच आहे. ती घामाने भिजली, रडायला लागली. तिला आडवं राहायचं नव्हतं, मान वर करून बघायचं होतं. पाय झाडून माझ्या कमरेला लावत होती. नुसतं मनगट वळवलं असतं तरी ती बसली असती. तू पिशवीत पाण्याची बाटली शोधत होतीस, तुझी पाठ माझ्याकडे होती. बोनिफासिया आठवली मला.

मी तिला पुन्हा आडवी केली आणि झाडाला टेकले.

तू वळून पाहिलंस. "आई, हात अवघडलेत तुझे. कडेवर घे ना तिला."

मला वाटलं, माझे कान गेले. "काय म्हणालीस?"

"कडेवर घे."

"तू काय बोलतेस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मी वचन दिलंय, नेयदी."

"मला दिलंस ना? मग मी ते परत करते. घे."

टेबल नव्हतं, म्हणून झाड धरलं. मी तिला डाव्या कडेवर बसवली आणि झाडाभोवती चालायला लागले. ती लगेच गप्प झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती आणखी बरीच रडली. मग भिंतीच्या खिंडारातून तिला समुद्र दिसला आणि ती बघतच राहिली. हातात द्यायला काही नाही, म्हणून तू पर्समधून तुझं छोटं बायबल काढलंस आणि तिच्या मुठीत दिलंस. पुस्तक तर लागतंच. तिने त्याचा कोपरा चोखला. मंत्र म्हणायचे नव्हते, मी म्हटले नाहीत. फक्त तिच्या कानात सांगितलं की तू कोण, तुझी आई कोण, आणि मी कोण.

तेवढ्यात अब्दिएल परत आला, घामाघूम. "काय चाललंय?" त्याने विचारलं. मी चालता चालता थांबले.

"आई तिला कडेवर घेतेय," तू म्हणालीस.

"यात काही प्रार्थना वगैरे आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "एक अंडं होतं, पण ते दारात जप्त झालं."

तू मोठ्याने हसलीस. त्याला विनोद कळला नाही, पण तुझं हसणं तो बघत राहिला. मला वाटतं, त्यानेही ते बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं. मग त्याने त्याच्याजवळची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी प्यायले आणि राहिलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या.

बसपाशी मी तिला तुझ्याकडे दिली. तू पट्टे बांधले नाहीस, सरळ कडेवर घेतलीस. पण ते काही तुला जमेना. तिचा पाय तुझ्या हाताखाली अडकला, तुझी कंबर भलतीकडेच वळली, ती घसरायला लागली. गावातली दहा वर्षांची पोरसुद्धा भावंडाला यापेक्षा बरं घेते. मला हसू आलं.

"अगं, आजवर एकदाही कडेवर घेतली नव्हतीस की काय तिला?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, तिचा पाय नीट करत होतीस.

"कशी घेणार?" तू म्हणालीस. "तू घेतली नव्हतीस ना अजून."

तुझी आई